अर्धं गाऱ्हाणं फुकट

कांजूरमार्ग ते बोरिवली माझ्यासारखं गाऱ्हाणं घालणारा दुसरा माणूस नाही. हे मी जिथे जिथे बोललोय, तिथे लोकांनी विषय बदललाय.

ज्यांना गाऱ्हाणं माहीत नाही त्यांना सांगतो. आम्हा कोकणातल्या लोकांत दुकान उघडा, घर घ्या, क्रिकेटचे सामने भरवा, आधी नारळ ठेवायचा. मग एकाने उभं राहून देवाला मोठ्याने सांगायचं की बाबा, हे काम आहे, ह्या लेकरांचं आहे, सांभाळ. दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एवढंच. शिक्षण लागत नाही, म्हणून मला जमलं. पाचवीत दोन वर्षं काढली, तिसऱ्या वर्षी मास्तरच बोलले, बाक मोकळा कर, मागे पोरं उभी आहेत.

पोटाला म्हणून मी एका मंडपवाल्याकडे माइकचं काम करतो. वायर ओढायची, स्पीकर टांगायचा, ‘हॅलो चेक’ बोलायचं. गाऱ्हाणं हा माझा मान. त्याचे कोणी पैसे देत नाही, मी मागत पण नाही. नारळ मिळतो, आणि पहिल्या पंगतीला बसवतात. मंडपात माइकवाल्याला कोणी बसा म्हणत नाही. गाऱ्हाणेकऱ्याला म्हणतात. माझी सगळी इज्जत त्या एका ताटात होती.

मग लोकांच्या हातात चांगले फोन आले आणि माझी वाट लागली.

एका कार्यक्रमात कोणीतरी माझं गाऱ्हाणं रेकॉर्ड केलं. त्याने दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्याने गावच्या ग्रुपवर टाकलं. आधी मी खूश. बायकोला बोललो, ‘बघ, फेमस झालो.’ ती बोलली, ‘फोन वाजलाय का एकदा तरी?’ नव्हता वाजला. एकाने माझ्या गाऱ्हाण्यावर त्याच्या बोकडाचं रील केलं. बोकडाला माझ्यापेक्षा जास्त लोकांनी ओळखलं.

आणि एक दिवस दिंडोशीच्या एका सोसायटीत व्यायामशाळेचं उद्घाटन होतं, तिथे मी माइक लावायला गेलो. कोकणातली मंडळी बरीच. मनात म्हटलं, आज आपल्याला उभं करणार. म्हणून शर्ट पण इस्त्रीचा घातलेला. सेक्रेटरीने त्याचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, ‘ह्याची वायर जोडा.’ मी जोडली. स्पीकरमधून माझाच आवाज आला. ‘बा देवा म्हाराजा...’

मी म्हटलं, ‘साहेब, हा आवाज माझा आहे.’

तो म्हणाला, ‘असेल. बेस जरा कमी करा.’

मी माझाच बेस कमी केला. लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते, हात जोडून, स्पीकरकडे बघून. स्पीकरला हार घातला. मग जेवायची वेळ झाली तेव्हा सेक्रेटरी मला म्हणाला, स्टाफचं मागे आहे, गच्चीच्या जिन्याखाली. माझा आवाज पहिल्या पंगतीत आणि मी जिन्याखाली. जेवण चांगलं होतं. दोनदा वाढून घेतलं. पण राग राग खाल्लं.

दुसऱ्या दिवशी घाटकोपरला मेव्हण्याकडे गेलो. बायकोचा भाऊ, त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं काउंटर आहे. फोन उघडतो, ॲप वगैरे बनवतो, आणि माझ्याशी बोलताना टेबलाखाली हसतो. मी म्हटलं, ‘माझं गाऱ्हाणं सगळ्या फोनांतून काढून टाक.’

‘भाओजी, बाटलीतून सांडलेलं पाणी आहे ते. काढणार कसं?’

‘मग?’

‘मग उलटं करा. अजून सांडा. नवीन चांगलं रेकॉर्डिंग करू, ॲपमध्ये घालू, फुकट वाटा. ज्याला पाहिजे त्याने घ्यावं, पाहिजे त्याला पाठवावं. फक्त अर्ध्यावर थांबणार. पुढे ऐकायचं असेल तर तुम्हाला फोन करायचा, तुम्ही उघडायचा नंबर द्यायचा. तो नंबर त्याच फोनवर चालणार, एकदाच. गाडी कोणाला पण नेऊ द्या ओ, चावी आपल्या खिशात.’

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी चावी देत होता. मी म्हटलं, ‘पैसे नको घेऊया. देवाचं काम आहे. फक्त मला बोलवायचं, पंगतीला. ज्याने बोलावलं त्याला नंबर.’

‘आणि नाही बोलावलं तर?’

‘तर देव अर्ध्यावर.’

हे बोललो तेव्हा मला ते झकास वाटलं होतं.

रेकॉर्डिंग त्याच्या काउंटरच्या मागेच केलं, शटर ओढून. कुठे कापायचं ते मी ठरवलं. गाऱ्हाण्यात आधी देवाला हाक मारतात, त्याची थोरवी सांगतात, कोण कोण जमलंय ते सांगतात. मग मागणं येतं. मी बरोबर मागण्याच्या आधी कापलं. ‘तर म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरांची आज एकच मागणी आसा...’ इथपर्यंत फुकट. मेव्हणा म्हणाला, त्याच्यापुढची जाहिरात पण तुमच्याच आवाजात बोला, सूट होईल. म्हणून मी त्याच भारदस्त आवाजात, पोटातून, बोललो, ‘पुढच्या गाऱ्हाण्यासाठी खालच्या नंबरवर संपर्क साधा!’

तीन वेळा चुकीचा नंबर टाकला तर दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं बंद, ही त्याची आयडिया. मी म्हटलं, ‘एक दिवस कमी होतो. वर्षभर कर. कोणाला दयामाया दाखवायची नाही.’ त्याने ऐकलं नाही, म्हणून आज मला माझ्या घरातले लोक ओळखतात तरी.

मग मी ते ॲप सगळ्या ग्रुपवर टाकलं. गावचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, मंडपवाल्यांचा ग्रुप, बायकोच्या भिशीचा ग्रुप. खाली लिहिलं, ‘संपूर्ण मोफत.’ लिहिलं म्हणजे बायकोकडून लिहून घेतलं. ती लिहिता लिहिता म्हणाली, ‘आवाज फुकट होता तेव्हा कोणीतरी ऐकत तरी होतं.’

पण फोन यायला लागले हो! मी गादीवर मांडी घालून दिंडोशी कोर्टातल्या जज्जसारखा बसायचो. ‘काम काय? कुठे? माणसं किती? जेवायला काय?’ बोरिवलीचा एक म्हणाला, डाळभात. मी म्हटलं, विचार करून सांगतो. मुलुंडचा एक म्हणाला, ‘तुमच्याच आवाजासाठी तुमचे पाय धरायचे का?’ मी म्हटलं, ‘धरा ना, मी घरीच आहे.’ त्याने शिव्या घातल्या. चांगल्या होत्या, मालवणी. मी त्याला नंबर नाही दिला. त्याच्याकडे काय काम होतं, कोण जाणे. मी विचारलंच नाही पुढे.

आता माझ्या मोठ्या भावाकडे येतो. दादा दिंडोशीला राहतो, आई त्याच्याकडे असते. आमचे बाबा गिरणीत होते. दादा तरणा असल्यापासून साकीनाक्याला पॉवर प्रेसवर. ते मशीन वरून दणका मारतं आणि पत्र्यातून पार्ट कापून काढतं. दुसऱ्याच्या मशीनवर त्याने जन्म काढला, डाव्या हाताचं अर्धं बोट त्यातच गेलं. आता त्याने स्वतःचं सेकंडहँड मशीन घेतलं, साकीनाक्यालाच एक गाळा घेतला भाड्याने. घाटकोपरच्या एका पार्टीने कबूल केलेलं, मी उद्घाटनाला येतो, मशीन चाललेलं बघतो, सॅम्पल हातात घेतो आणि काम देतो. दादाचं सगळं त्या एका सॅम्पलवर.

मला बोलावलं नव्हतं. मी देवापुढे पण लोकांना हसवतो, ते दादाला खपत नाही. आई त्याला म्हणाली होती, गाऱ्हाण्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. तर हा तिला म्हणाला, ‘त्याचा आवाज आहे माझ्या फोनमध्ये. आवाज चालेल, माणूस नको.’ हे मला वहिनीने नंतर सांगितलं. सांगताना ती कांदा चिरत होती, पण डोळ्यांत पाणी माझ्या आलं. कांद्याने.

त्या दिवशी सकाळी मी घरी, दाढी करत होतो. वहिनीचा फोन.

‘अहो भाओजी, ते तुमचं अर्ध्यावर बंद पडलंय.’

‘काय?’

‘गाऱ्हाणं. इथे पार्टी आलीये, गुरुजी पूजा करून गेले, सगळे हात जोडून उभे आहेत. तुमचा आवाज म्हणाला, खालच्या नंबरवर संपर्क साधा.’

‘मग?’

‘मग काय, सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा.’

मी हसलो. खोटं कशाला बोलू, फेस नाकात जाईपर्यंत हसलो. फोन स्पीकरवर होता. तिकडे गाळ्यात माझं हसणं घुमलं.

दादाचा आवाज आला. ‘त्याला सांग, नंबर दे आणि फोन ठेव.’

मागून आई. ‘देवाक हाक मारलंस आणि उभो करून ठेवलंस? गाऱ्हाणा पुरा झाल्याशिवाय बटनाक हात लावूचो नाय!’

झालं. देवाला बोलावून ठेवलाय, मागणं मागितलेलं नाही, आणि मशीन बंद. जे मी मनात मांडलं होतं ते सगळं हुबेहूब घडत होतं, फक्त समोर माझा भाऊ होता. माणसाने काय करायला पाहिजे? नंबर द्यायला पाहिजे. मी काय केलं? घसा साफ केला आणि म्हटलं, ‘वहिनी, दादाला सांगा, नंबर बोलावल्यावर मिळतो. असा नियम आहे.’

‘कोणाचा नियम?’ दादा.

‘ॲपचा.’

‘मी तुला मशीनच्या पूजेला बोलावलं नाही, बोलावणार पण नाही. सर्कस पाहिजे असती तर तंबू घेतला असता, गाळा नसता घेतला. नंबर दे.’

‘मी येतो. प्रत्यक्ष घालतो. अर्ध्या तासात पोचतो.’

‘येऊ नकोस!’

मी फोन ठेवला आणि अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो. कांजूरहून साकीनाका अर्ध्या तासात फक्त ॲम्ब्युलन्स पोचते, ती पण रिकामी असली तर. रिक्षा पवईच्या पुढे अडकली ती अडकलीच. आणि परत फोन वाजला. पुन्हा वहिनी, आता आवाज बारीक.

‘भाओजी, पार्टी घड्याळ बघतेय. त्यांना दुसरीकडे पण जायचंय. द्या ना हो नंबर.’

तेव्हा मात्र माझी जरा टरकली. पार्टी गेली तर दादाचं मशीन म्हणजे नुसतं भंगार, आणि ते भंगार मी केलं असं आई मरेपर्यंत बोलणार. म्हटलं, ठीक आहे, पंगत गेली खड्ड्यात. ‘वहिनी, लिहून घ्या नंबर.’

तिने लिहून घेतला, टाकला. मग म्हणाली, ‘इथे येतंय, उद्या प्रयत्न करा.’

‘उद्या? का?’

‘ह्यांनी रागाने तीनदा काहीतरी दाबलं मघाशी.’

मी मेव्हण्याला फोन लावला. ‘अरे, ते उघड लवकर, दादाच्या फोनवरचं!’

‘नाही उघडत, भाओजी.’

‘अरे, मी मालक आहे!’

‘तुम्हीच म्हणालात ना, कोणाला दयामाया दाखवायची नाही. त्यात तुम्ही पण आलात. तुम्ही तर वर्षभर बंद करायला सांगत होता.’ टेबलाखाली हसत असणार, मला दिसत नव्हतं एवढंच.

माझा आवाज, माझा भाऊ, आमचाच देव, आणि मलाच परवानगी नाही.

पुन्हा वहिनीला लावला. ‘फोन स्पीकरवर ठेवा. मी रिक्षातूनच घालतो गाऱ्हाणं.’ आणि पोटातून सुरुवात केली, ‘बा देवा म्हाराजा...’ रिक्षावाल्याने आरसा माझ्याकडे वळवला. अर्ध्या गालावर फेस, हात जोडलेले, मांडीवर फोन.

‘बंद कर!’ दादा ओरडला. ‘आधी अडवायचं, मग उपकार करायचे? तुझ्या तोंडून आता एक शब्द नको माझ्या मशीनला. मेलो तरी नको.’

मी जोडलेले हात सोडले. तो फोन तिकडे कोणी बंद केला नाही, तसाच कुठेतरी ठेवून दिला. मला सगळं ऐकू येत होतं. खुर्ची सरकली. पार्टी म्हणाली, ‘शेठ, मी निघतो मग, पुढच्या आठवड्यात बघू.’ आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हणजे काय, ते धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं.

मग एक आवाज आला, तो मला नवीन. नंतर कळलं, दादाचा ऑपरेटर. अकोल्याकडचा, बौद्ध कुटुंबातला माणूस, दादाबरोबर जुन्या कारखान्यात होता आणि त्याच्यामागून इकडे आला. तो म्हणाला, ‘आजी, मला देवाचं काही कळत नाही, मी मानत पण नाही. पण मुलगा तुमचा आहे. तुम्हीच बोला की.’

‘मी?’ आई म्हणाली.

आमच्या घरात बाई गाऱ्हाणं घालत नाही. बाईने मागे उभं राहायचं आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ते पण हळू. आईने जन्मभर तेच केलं. बाबा घालायचे तेव्हा तेच, मी घालतो तेव्हा पण तेच. मी तिला कधी विचारलं पण नाही, तुला येतं का म्हणून.

मग तिचा आवाज, अगदी साधा, भाजीवाल्याशी बोलते तसा.

‘बा देवा म्हाराजा. माका गाऱ्हाणा घालूक येणा नाय.’

दोनचार जण, जरा अडखळत, ‘व्हय म्हाराजा.’

‘ह्यो माजो थोरलो झील. ह्येणा आजपर्यंत दुसऱ्याच्या मशीनीर काम केल्यान. आता सोताची घेतल्यान हा.’

‘व्हय म्हाराजा.’

‘एक बोट घेतलंस ता घेतलंस. उरलेली तेची तेका ऱ्हवांदेत. ह्या पोराची पण, जो तेच्याबरोबर इलो हा, तेची पण बोटां सांभाळ.’

‘व्हय म्हाराजा!’ ह्या वेळी जोरात.

रिक्षा पुढे सरकली होती, मी सरकलो नव्हतो. इतकी वर्षं मी देवाकडे यश मागितलं, भरभराट मागितली, वाकड्या नजरेने बघणाऱ्याची नजर सरळ कर म्हणून मागितलं, एकदा तर आमच्या टीमसाठी नो-बॉल मागितला. प्रेसवर काम करणाऱ्या भावासाठी बोटं मागायची असतात, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. माझ्या त्या बंद केलेल्या अर्ध्यात पण ते नव्हतं. नंबर लागला असता तरी ते नसतं मिळालं.

‘कामाक बरकत दी.’

‘व्हय म्हाराजा!’

‘आणि तो दुसरो माजो झील, तो जो खंय रिक्षेत बसलो हा, तेची जीभ वायच आखूड कर.’

‘व्हय म्हाराजाऽऽ!’

एवढ्या जोरात ‘व्हय म्हाराजा’ माझ्या कुठल्याच गाऱ्हाण्याला आलं नाही. दादाचा आवाज त्यात सगळ्यात वर होता. सवयीने माझ्या तोंडून पण निघून गेलं, हात जोडून. रिक्षावाला म्हणाला, ‘काका, कुछ हुआ क्या?’ मी म्हटलं, मंजूर हो गया.

मग फोनमधून दणका ऐकू आला. एक. मग थांबून दुसरा. मग लागोपाठ. प्रेस चालू झाली होती. कोणीतरी टाळी वाजवली. पार्टी म्हणाली, ‘दाखवा बघू.’ त्यानंतर फोन बंद पडला, बॅटरी माझीच संपली.

मी पोचलो तेव्हा गाळ्याबाहेर पाट मांडून पंगत बसली होती. पार्टी पहिल्या जागेवर, हातातला पार्ट बाजूला रुमालावर ठेवून वडे खात होती. काम मिळालं होतं, ते दादाच्या पाठीवरून पण कळत होतं. ऑपरेटर दादाच्या शेजारी. त्याच्या शेजारी एक पाट रिकामा होता. मी आपला त्या पाटाकडे निघालो. जाता जाता तोंडावर हसू आणलं, आणि लोकांसाठी एक जोक पण तयार ठेवला होता, ॲम्ब्युलन्सचा.

दादाने वर बघितलं. माझ्या अर्ध्या दाढीकडे बघितलं. मग त्याने पंगतीतल्या त्या पाटावर आईचा हात धरून आईला बसवलं.

आईने बसता बसता उसळीचं पातेलं माझ्या हातात दिलं.

‘आता इलंच हस तर हात धू आणि वाढूक लाग,’ ती म्हणाली. ‘आणि तोंड उघडू नको.’